चौथा स्क्रू

“ज्याचं मशीन, त्याचा हात,” असं म्हणून तो दोन्ही हात पाठीमागं घ्यायचा आणि दुकानात येरझारा घालायला लागायचा. दुकान आठ फूट बाय दहा. म्हणजे इकडून तिकडं पाच पावलं, वळायचं, पुन्हा पाच पावलं. गिऱ्हाईक बोलत असलं तरी हा चालतच राहायचा, आणि आपल्याला त्याच्यामागं मान फिरवत बोलावं लागायचं.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला खुर्ची असून बसता येत नाही. आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात बसस्टँडमागच्या गल्लीत हा होता. नाव लिहीत नाही. सगळे त्याला भाऊ म्हणत, तेवढं पुरे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मला ती उशिरा कळली आणि त्या उशिराची किंमत त्यानं भरली. त्याचे हात थरथरत. दोन-अडीच वर्षांपासून. ज्याचं पोट तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंवर चालतं, त्याचे हात थरथरतात हे गावात कळलं, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. म्हणून हात पाठीमागं. म्हणून मशीन गिऱ्हाइकानं स्वतःच जोडायचं, हा नियम. तुम्ही पुढचं हे माहीत असून वाचा. मी ते माहीत नसताना वागलो.

माझी मुलगी प्रज्ञा. तिला मी शब्द दिला होता, की बारावीला ऐंशीच्या वर टक्के पडले तर गेम खेळायचा कॉम्प्युटर. पडले एक्क्याऐंशी पूर्णांक तेहेतीस. मी सरकारी कचेरीत वीस वर्षं बिलं तपासतोय. आकडा आला की आला, त्यात माझी कुरकुर नसते. फक्त माझा आकडाही सांगून टाकला: पंचावन्न हजार. वर एक रुपया नाही. तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून यादी काढली, ती झाली अठ्ठ्याहत्तर हजारांची. ती यादी घेऊन आम्ही भाऊकडं गेलो.

त्यानं यादी हातात घेतलीच नाही. “वाच बाई,” म्हणाला आणि चालायला लागला. प्रज्ञानं ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात केली. तो मध्येच थांबवून मला म्हणाला, “साहेब, संध्याकाळी पंप चालू झाले का तुमच्याकडची लाइट कशी राह्यते?”

“उड्या मारते,” मी म्हणालो. “पंखा कधी धावते, कधी रांगते.”

“मंग पह्यले पाव्हर सप्लाय लिहा. चांगली. तीन हजार नऊशेची.”

माझ्या माहितीप्रमाणे पाव्हर सप्लाय चौदाशेलाही मिळत होती. तिच्यानं गेम एका टक्क्यानंही जास्त जोरात चालत नाही, हे मी वाचून गेलो होतो. तसं बोललो. त्यानं वळता वळता उत्तर दिलं, “गेम हळू चालला तं एकटी पोरगी रडन. पाव्हर सप्लाय गेली तं सारं घर रडन. तुमीच लिहा साहेब, तुमचं अक्षर चांगलं हाय.”

माझं अक्षर खरंच चांगलं आहे. मी खुशीत लिहीत गेलो. तो यादी कधीच स्वतः का लिहीत नाही, हा प्रश्न मला पडला नाही.

त्याचा चहा आला. भल्यामोठ्या स्टीलच्या ग्लासात तळाशी घोटभर चहा. मी म्हणालो, “भाऊ, एवढ्याशा चहाले एवढा ग्लास?” तो म्हणाला, “सांडत नाही.” आणि आमच्याकडं पाठ करून प्याला. बिलातली पाच रुपयांची चूक मला लांबून दिसते. हे दिसलं नाही.

तीन दिवस ती यादी आमच्या घरात नांदली. मी जेवताना प्रोसेसरचा भाव बोलायचो, बायको म्हणायची, “भाजी कशी झाली थे सांगा.” दर बदलत होते, रॅमचे तर रोज. सोमवारी बसलेला हिशेब बुधवारी मोडायचा. प्रज्ञाला रंगीत दिवे असलेला कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, हवा होता, अकराशे रुपये जास्त. भाऊ म्हणाला, “दिवाळीची माळ दोनशेले भेटते, मागून लाव. मशीनले काय अंधाराचं भेव वाटते?” प्रज्ञा हसली आणि अकराशे वाचले. ग्राफिक्स कार्ड मात्र तिनं सोडलं नाही. नवं घ्यायचं तर हिशेब कोलमडत होता. त्यानं अकोल्याहून एक वापरलेलं मागवलं, साडेबारा हजारांचं.

ते कार्ड आलं तेव्हाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कार्ड टेबलावर. हा हात पाठीमागं बांधून कमरेत वाकला आणि त्याला नाक लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत गेला, पोळ्याच्या बाजारात एखादा बैल पारखतो तितक्या सावकाश.

“जळका वास नाही,” म्हणाला. “धूळ हाय. मालक आळशी होता, पन वाईट नव्हता.”

दुकानातल्या मशीनमध्ये ते त्यानं प्रज्ञाकडूनच खोचून घेतलं, अर्धा तास गेम चालवून पाहिला, मग मी पैसे दिले. सगळी बेरीज चोपन्न हजार पाचशे.

“अन् पाचशे माह्ये,” तो म्हणाला. “जोडनावळीचे.”

पंचावन्न हजार. एक रुपया वर नाही, एक रुपया खाली नाही. अशी बेरीज आयुष्यात क्वचित जुळते. त्या दिवशी मला तो माणूस फार आवडला.

जाताना त्यानं मला दारापर्यंत सोडलं आणि आवाज खाली केला. आमच्या गल्लीच्या टोकाला कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर आहेत. त्यांना बारा मशीन घ्यायची होती. “सर म्हन्ते, एकदा तुह्यं काम पाहू दे. रविवारी तुमच्या घरी मशीन जोडू, तवा बलावू का त्याईले? बारा मशीन हाय, साहेब. बारा! थे भेटलं तं दोन वर्साची चिंता गेली माह्यी.” बोलताना तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मी म्हणालो, बलवा ना.

रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपून आम्ही बैठकीत सतरंजी अंथरली. भाऊ आठ वाजता आला. बायकोनं चहा आणला. “आत्ताच घेतला, वहिनी,” म्हणाला. पोहे आणले. “पोट भरलं हाय.” स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायला लावले, प्रज्ञाला हात धुऊन कोरडे करायला लावले आणि सतरंजीच्या कडेकडेनं फिरायला लागला. आमची बैठक दुकानापेक्षा मोठी, त्याला सात पावलं मिळाली.

“प्रोसेसर दाबू नको. नुसता ठेव. थो आपली जागा वयखते.”

“काका, नाही बसत आहे.”

“तू घाबरून राह्यली मनून थो घाबरून राह्यला. श्वास घे. हं. बसला का?”

“बसला!”

“आता त्याच्यावर पेस्ट. तुरीच्या दान्याएवढी. दाना म्हनलं, शेंग नाही!”

मी स्टुलावर बसून सगळं पाहत होतो. कबूल करतो, तो सुंदर शिकवत होता. प्रज्ञा चुकायच्या आधी त्याला कळायचं. तिचा हात चुकीच्या वायरीकडं वळला की तो खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, पाठ असताना, “ऊंहूं” म्हणायचा. साडेअकराला सर आले, खुर्चीवर बसले, पोहे खाल्ले. पावणेबाराला प्रज्ञानं बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला. बायकोनं टाळ्या वाजवल्या. भाऊ तेव्हाही चालतच होता, पण पावलं जरा लांब पडत होती.

कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना मागून दोन-दोन असे चार स्क्रू. प्रज्ञानं तीन कसले. तेवढ्यात भाऊनं कीबोर्ड आणि माउस पिशवीत टाकायला सांगितलं.

“ते कुठं चालले?” मी विचारलं.

“थे दुकानचे हायेत, साहेब. टेस्टिंगचे. तुमच्या यादीत कुठी होते?”

मी यादी काढली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. कीबोर्ड-माउस नव्हता. बिलं तपासणाऱ्या माणसानं, सुंदर अक्षरात, ज्याच्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावता येत नाही तीच वस्तू सोडली होती. जोडीची किंमत पाचशे. माझी जुळलेली बेरीज मोडली.

माणूस स्वतःवर चिडला की समोर जो असेल त्याच्याकडून वसूल करतो. मी म्हणालो, आणि सरांना ऐकू जाईल असं म्हणालो, “भाऊ, एक खरं सांगा. चार तास तुमी नुसते चकरा मारून राह्यले. स्क्रू माह्या पोरीनं कसले, वायरी तिनं लावल्या. तुमी तं बोटही लावलं नाही. मंग पाचशे कायचे?”

सर हसले. “बरोबर हाय साहेबांचं. मंग तं माह्ये बाराही मीच जोडतो!”

भाऊ थांबला. इतक्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदाच पाय रोवून उभं राहिलेलं पाहिलं. त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले.

“दे बाई, पेचकस.”

प्रज्ञाला हातांचं आधीच कळलेलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती म्हणाली, “काका, राहू द्या ना, मी लावते.”

“नोको, माय. दे.”

चौथा स्क्रू त्यानं चिमटीत धरला आणि तो खाली पडला. टीपॉयखालून घरंगळत सरांच्या पायाशी गेला. सरांनी पाय उचलून पाहिलं, हात मात्र खाली नेला नाही. भाऊ गुडघ्यावर बसला, स्क्रू शोधला, पुन्हा धरला. पेचकस स्क्रूवर टेकायचा आणि घसरायचा. घसरला की काळ्या रंगावर पांढरा ओरखडा उठायचा आणि कर्र आवाज यायचा. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मी कुठं पाहावं हे न कळून घड्याळाकडं पाहत होतो. बारा वाजून चार मिनिटं होती. स्क्रू बसला तेव्हा बारा वाजून दहा. तिरका बसला, पण बसला.

तो उठला. कपाळ बाहीनं पुसलं. “झालं ना साहेब आता माह्या हातचं काम? द्या पाचशे.”

मी दिले. नोट खिशात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग पिशवी खांद्याला लावून तो गेला. जाताना हात पाठीमागं नव्हते. दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि हलत होते. आता लपवायचं काय उरलं होतं?

सर म्हणाले, “कळवतो त्याले.” कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी मी क्लासवर गेलो. म्हणालो, माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा पेचकस धरला आणि चार तासांत मशीन उभं केलं, तुमच्या पोरांना असा शिकवणारा कुठं मिळणार? सर म्हणाले, “तुमचं खरं हाय. पन थरथरत्या हाताचा मानूस आनला, तं पालक काय म्हनतीन मले?” बारा मशीन बाहेरून जोडून आली.

मग मी दुकानात गेलो. तो पाच पावलं जात होता, पाच पावलं येत होता. मी माफी मागितली. सरळ मागितली, मला फिरवून बोलता येत नाही.

“जाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “आज ना उद्या उघडं पडनारच होतं. तुमी तारीख जरा अलीकडं घेतली.”

“पण मले आधी सांगतलं असतं तं?”

तो वळला. “सांगतलं असतं, तं तुमी मशीन जोडाले माह्याकडं आले असते?”

खरं उत्तर त्याला माहीत होतं, मलाही.

गिऱ्हाईक तुटत गेलं, आणि दिवाळीच्या आधी दुकान रिकामं झालं. आता तिथं मोबाइलचे कव्हर मिळतात. तो मंगरूळपीरला बहिणीकडं गेल्याचं कळलं, म्हणून एका रविवारी बसनं गेलो. पत्ता विचारत घर काढलं. बहीण म्हणाली, “बसा दादा, पन थो सापडन याचा नेम नाही. घरात पाय ठरत नाही त्याचा. सकाळून निघते, सारं गाव पायाखाली घालते.” मी दीड तास बसलो. दारावरून पावलं वाजली की मान वळायची. शेवटची बस चुकू नये म्हणून उठलो. येताना बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंचे चालणारे पाहत आलो.

कॉम्प्युटर चांगला चालतो. संध्याकाळी पंप सुरू झाले की गल्लीतले टीव्ही बंद पडतात, दिवे पिवळे होतात, पण त्या तीन हजार नऊशेच्या पाव्हर सप्लायनं आजवर एकदाही मान टाकली नाही. प्रज्ञा दर दोन महिन्यांनी धूळ काढते. एका बाजूचा पत्रा उघडतो. दुसऱ्या बाजूचा उघडत नाही, कारण तिरका बसलेला चौथा स्क्रू फिरत नाही. मी एकदा म्हणालो, ड्रिलनं काढून नवा टाकू, दोन रुपयांचा तर आहे. ती म्हणाली, “हात लावू नका, बाबा.”

परवा ती कॉलेजात गेली असताना मी कॅबिनेट उजेडाकडं वळवला, चष्मा लावला आणि त्या स्क्रूभोवतीचे ओरखडे बोटानं मोजले. सतरा भरले. सवयीनं पाचशेला सतरानं भागायला लागलो, आणि थांबलो.