पडद्याकडे पाठ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं शत्रुदेशांतले म्हणून काही युरोपियन साताऱ्यात नजरकैदेत ठेवले होते. त्यांतला एक आपल्या मुलखात चित्रपटांचा निर्माता होता. तिकडे मोठमोठे नट त्याच्या दारात उभे राहत. इथे पोलिसांना विचारल्याशिवाय त्याला गावची वेस ओलांडता येत नसे. तरी गोरा तो गोराच, असं मी चारचौघांत ठणकावून सांगे.

तंबूतल्या सिनेमाला तो रोज येई आणि पडद्याकडे पाठ करून, खुर्ची आमच्याकडे वळवून बसे. लोक कुठे हसतात, कुठे तंबाखू मळायला लागतात, तेवढंच बघे. "तिकडे चित्र, मालूम. इकडे नवीन," म्हणे.

एका संध्याकाळी सरकारची लढाईची फिल्म नुकतीच चालू झाली असताना मी 'चले जाव'ची पत्रकं उधळली. दिवे लागले. पोलीस जमादार थेट त्याच्यापाशी गेला.

"सायेब, तुमचं तोंड लोकांकडं. कुणी टाकली?"

त्यानं मला स्पष्ट पाहिलं होतं. खोटं उघडं पडलं असतं तर त्याची रवानगी तारेच्या कुंपणातल्या छावणीत झाली असती.

"मी चित्र बघत होतो," तो म्हणाला.

"आवं, तुमी कवा बघता चित्र?"

"आज बघितलं. सरकारचं चित्र. लय चांगलं."

जमादार मिशी चोळत निघून गेला.

बाहेर मी आभार मानायला थांबलो, तर साहेबाच्या कपाळाला आठ्या.

"फार लवकर टाकली. लोक अजून जागा शोधत होते."

पुढच्या वेळी मी सगळे बसेपर्यंत थांबलो.