अकरा चाळीसचं ऊन

शहराच्या मधल्या भागात निवासी इमारत बांधायची असली की तिची फाइल आधी पर्यावरण कक्षात येई. धूळ किती उडेल, झाडं किती पडतील, आवाज किती होईल, हे सगळं तिथे तपासलं जाई. शेजारच्या घरांवर सावली किती पडेल हे पाहायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना कचेरीत सगळे सावलीसाहेब म्हणत. एकोणतीस वर्षं त्यांनी तेच केलं. बांधकामवाले वैतागून म्हणत, "या माणसाच्या हाती सूर्य दिला, तर वेळेवर उगवल्याची सही मागेल त्याच्याकडे!"

त्यांची एक रीत होती. अर्ज केव्हाही येवो, ते हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा तक्ता मांडत. तेव्हा सूर्य खाली असतो, सावल्या लांबतात. नियमात मात्र 'पाहणीच्या दिवशीची सावली' एवढंच लिहिलेलं. "नियमाला थंडी वाजत नाही, माणसांना वाजते," म्हणून ते तो जादा तक्ता आपल्या हाताने जोडत.

त्यांची ताई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे. शिंप्यांच्या कोटांची काजं करून तिनेच त्यांना शिकवलं, स्वतःचं लग्न राहून गेलं. तळमजल्यावरची एक खोली, खिडकीशी खुर्ची, मांडीवर कोट. काळ्या कापडावरचा काळा टाका दिव्याच्या उजेडात दिसत नाही, त्याला ऊनच लागतं. थंडीत तिच्या खिडकीत ऊन अकरा चाळीसला यायचं आणि दोनला जायचं. तेवढ्या वेळात तिचे दोन कोट होत.

समोरच्या बंद गोदामाच्या जागी बावीस मजली इमारतीचा अर्ज आला तो भर उन्हाळ्यात. सावलीसाहेबांनी पत्ता वाचला आणि फाइल मिटली. नात्यातल्या माणसाचं घर शेजारी असेल तर तपासनिसाने बाजूला व्हायचं, आणि त्या माणसाशी त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही, असा दंडक होता. त्यांनी दोन्ही पाळलं.

फाइल शेजारच्या टेबलावर गेली. तिथले तपासनीस काही वाईट नव्हते. घाम पुसत जाऊन आले, डोक्यावरच्या सूर्याचा तक्ता भरला आणि लिहिलं, 'शेजारी परिणाम नाही.' नियमाप्रमाणे अगदी बिनचूक.

गोदामाच्या फाटकावर हरकती मागवणारी नोटीस तीस दिवस लटकली. त्या चारही रविवारी सावलीसाहेब ताईकडे गेले, चहा प्यायले, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. नोटीस ताईला जाता-येता दिसतेच आहे, ती हरकत देईल, असं ते मनाशी धरून होते.

एकतिसाव्या दिवशी फाइल सर्वांना खुली झाली. हरकती शून्य. ते तडक कक्षाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंकडे गेले.

"तक्ता उन्हाळ्याचा आहे, बाई."

"नियमाबाहेर आहे का?"

"नाही."

"मग काय करू? ती खिडकी तुमच्या बहिणीची. आता तुम्ही बोललात, तर आपल्या माणसासाठीच बोलल्यासारखं दिसेल."

ते परत येऊन जागेवर बसले.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत इमारत पुरी चढली. त्या वर्षीच्या सर्वांत लहान दिवशी रजा टाकून ते ताईकडे गेले. मांडीवर काळा कोट घेऊन ती खिडकीशी बसली होती. अकरा चाळीस झाले. बारा वाजले.

"सारखं घड्याळ काय बघतोस? ऊन काही तुझ्या कचेरीत नोकरीला नाही."

बारा पंचवीसला इमारतीच्या कडेने एक पट्टा आत आला, तिच्या हातांवर सहा मिनिटं थांबला आणि गेला.

"ताई, समोरचं काम मी नाही केलं. फाइल सोडली मी. तू शेजारी राहतेस म्हणून."

सुई थांबली.

"शेजारीण हरकतीचा कागद घेऊन आली होती," ती म्हणाली. "तिलाच उलटं समजावलं मी. म्हटलं, माझा भाऊ बसलाय तिथे, सही कशाला हवी? तिनेही मग कागद फाडला."

"मला वाटलं, तू हरकत देशील."

"तुझ्याच कचेरीत? तुझ्याविरुद्ध?" ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "एक शब्द बोलायचास रे."

"बोलायचं नसतं, ताई."

"लहानपणीही असाच होतास. भूक लागली तरी सांगायचा नाहीस, मलाच तोंड बघून ओळखावं लागायचं. त्या चार रविवारी नेमका मान खाली घालून चहा प्यायलास."



कोटाची तीन काजं झाली होती, चौथं अर्धं होतं. तिने चाचपून दोरा तोडला, कोटाची घडी घातली.

"जाताना शिंप्याकडे देऊन टाक. म्हणावं, काळं आता पाठवू नकोस. पांढरे शर्ट असले तर बघू."

ते कोट कागदात बांधू लागले. ती उठली आणि खुर्ची खोलीच्या मधोमध, दिव्याखाली ओढू लागली. खिडकीशी फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार खळगे उघडे पडले. ते मदतीला पुढे झाले.

"राहू दे," ती म्हणाली. "जमतं मला."