मिस्त्रीणबाईंचा समुद्र

टपाल कचेरीच्या खिडकीमागे बाईंनी उभी हयात काढली. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या शिस्तीवर लांबलचक भाषण ठोकलं. पण गल्लीत त्यांची ओळख एकच, मिस्त्रीणबाई! कारण नवरा मिस्त्री. मिक्सर, इस्त्री, पंप, शिलाई मशीन, जे बिघडेल ते सरळ करणारा. बाईंचं पेन्शन नवऱ्याच्या कमाईपेक्षा जास्त होतं, पण पेन्शन काही शेजारणीचा मिक्सर फिरवून देत नाही.

लोकांनी सहलीहून धाडलेल्या पत्रांवर शिक्के मारमारून बाईंचा हात दुखायचा. स्वतः मात्र त्यांनी समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवरच. कारण मिस्त्रींना सुट्टी मानवत नसे. मेहुण्याच्या लग्नाला गेले, पोट दुखलं. धाकट्या भावाकडे राहायला गेले, दुसऱ्याच दिवशी पाठ धरली. थंड हवेच्या ठिकाणी चक्कर आली. प्रत्येक वेळी बाईंनी तोंडाचा पट्टा चालवत सामान बांधायचं, आणि परत येऊन दुकानाचं शटर वर गेलं रे गेलं की हे गृहस्थ ठणठणीत!

"जित्याची खोड," बाई म्हणायच्या, "मेल्याशिवाय जायची नाही."

निवृत्तीनंतर मात्र त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. समुद्रकाठी चांगली महिनाभरासाठी खोली घेतली. अट एकच, हत्यारं न्यायची नाहीत. निघताना त्यांनी नवऱ्याचे खिसे तपासले. आतल्या खिशात स्क्रू ड्रायव्हर सापडला. तो त्यांनी जप्त करून आपल्या पर्समध्ये टाकला.

पहिल्या संध्याकाळी बाई वाळूत बसल्या आणि चक्क रडल्या. एवढं पाणी, आणि कोणाला काही विचारायचं नाही, कुठे शिक्का मारायचा नाही. मिस्त्रींनी बराच वेळ बघून मत दिलं, "छान आहे. पण आवाज फार करतो."

खोलीची मालकीण मोठी धोरणी बाई. पाहुण्याचा धंदा कळायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर बंद पडलेली इस्त्री आली. मग पाण्याचा पंप आला. मग मालकिणीच्या भावजयीची शिलाई मशीन आली, जिच्यावर म्हणे भावजय लग्न होऊन आल्यापासून कोणी बसलं नव्हतं. खोलीचं भाडं एका पैशानं कमी झालं नाही. मिस्त्री सुरी आणि नाणं वापरून सगळं दुरुस्त करत बसले. बाईंनी नाक मुरडलं, पण नवरा गाणं गुणगुणत होता आणि समुद्र मोकळा होता, म्हणून त्या गप्प राहिल्या.

घरातलं सगळं धड झालं आणि मिस्त्री पोटावर हात ठेवून खाटेवर बसले.

"अगं, दुखतंय गं."

"झालं सुरू!" बाई कडाडल्या. "या वेळी मी सामान बांधायची नाही, सांगून ठेवते!"

तरी त्या त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पोट दाबलं, पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "काळजीचं कारण नाही. थोडा हवापालट करा."

त्या दुपारी बाईंना युक्ती सुचली. मिस्त्री डोळे मिटून पडले होते. बाईंनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कपाटाची मूठ ढिली करून ठेवली. मिस्त्री उठले, मूठ हातात आली, आणि त्यांचा चेहरा उजळला. मूठ बसवली, चहा घेतला, संध्याकाळी बायकोबरोबर पाण्यापर्यंत चालूनही आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी नळ सैल केला. मग खिडकीची कडी. औषधाच्या गोळीसारखा रोज सकाळी एक बिघाड करायचा आणि मग खुशाल समुद्रावर जायचं. साहेब शिस्त म्हणाले होते ती हीच. मालकिणीला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

एका सकाळी मिस्त्रींनी चहा परत केला. दुखणं जास्त दिसतंय, तर औषधही दांडगं हवं, असा हिशोब करून बाईंनी ते न्हाणीघरात असताना उभ्या पंख्याची मागची झाकणी उघडली आणि आतली एक वायर ओढून काढली. मिस्त्री भिंतीला धरत परत आले. त्यांनी बटण दाबलं. पंखा ढिम्म हलला नाही. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, आणि खाटेवर आडवे झाले.

"अहो, पंखा बंद पडलाय."

"राहू दे गं," मिस्त्री म्हणाले.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. या माणसानं स्वतःच्या लग्नात पाहुण्यांना ताटकळत ठेवून कर्णा दुरुस्त केला होता. बंद पडलेल्या वस्तूला 'राहू दे' म्हणालेला हा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी एका शब्दानं न बोलता सामान बांधलं. मालकिणीनं दारातच पंख्याचे पैसे मागितले. बाईंनी ते तिच्या हातावर ठेवले आणि समुद्राकडे मान न वळवता गाडीत बसल्या.

गावी परतल्यावर मोठ्या इस्पितळात लगेच ऑपरेशन झालं. पित्ताशय पार सडलं होतं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "वाचले. पण इतके दिवस हे गृहस्थ हिंडत-फिरत होते तरी कसे?"

दुखणाऱ्या माणसाला आपण रोज कामाला जुंपलं, ही लाज बाईंना खात होती. आणि 'मेल्याशिवाय' हा आपलाच शब्द कानातून जाता जात नव्हता.

मिस्त्रींना जरा बसता येऊ लागलं, तशी त्यांची नजर खाटेजवळच्या चाकाच्या टेबलाकडे गेली. "याचं एक चाक ढिलं आहे," ते पुटपुटले. "सिस्टरकडे काही मिळतंय का बघ."

बाईंनी पर्स उघडून स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. मग मान खाली घालून म्हणाल्या, "तो पंखा मीच बिघडवला होता."

"माहीत आहे. नळही, कडीही. स्क्रूची डोकी केवढी खरवडून ठेवली होतीस! नवशिकं पोरगंसुद्धा असं करत नाही."

"मग एवढं दुखत होतं तर उठत कशाला होता?"

मिस्त्री टेबलाच्या चाकाकडे बघत राहिले. "उठलो नसतो तर तू सामान बांधलं असतंस. तुझा समुद्र कुठे बघून झाला होता?"

बाईंनी त्यांच्या हातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, पदरानं डोळे पुसले आणि खाली बसून चाक आवळायला घेतलं. डोळे पुन्हा भरून आले, समोरचा स्क्रू दिसेना.

"अगं," वरून मिस्त्री म्हणाले, "उलटं फिरवतेस."