तीन आठवडे तोंडाला कुलूप

आमच्या इमारतीत एक अफवा पक्की रुजली होती: तिसऱ्या मजल्यावरची माझी मावशी देशादेशांची भांडणं मिटवते. शेजारचे काका लिफ्टमध्ये हात जोडायचे, "बाई, एकदा आमच्या पार्किंगचाही निकाल लावून टाका!"

साफ खोटं. आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाल न्यायाधीश लावतात. मावशी साधी भाषांतरकार. निकालाचा मसुदा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचा, तोही बंद खोलीत. फोन दाराबाहेरच्या खणात, खिडकी कायमची बंद, संध्याकाळी कागद परत केल्याशिवाय सुटका नाही.

या खेपेला आमचा देश आणि शेजारचा देश एका बेटावरून भांडत होते. दोघांनी आपणहून न्यायालय मान्य केलेलं, जुने नकाशे आणि करार मांडून झालेले. निकाल लागला की अपील नाही. आणि नेमके त्याच बेटावर मावशीचे वडील, आमचे आबा, राहायचे. मावशीने हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, "तुमच्या देशाची भाषा येणारं इथे दुसरं कोण आहे?"

जाहीर वाचनाला तीन आठवडे होते. शेवटचं पान मावशीने पहिल्याच दिवशी वाचलं आणि अडकली; वाचन होईपर्यंत निकाल घरीही सांगायची बंदी.

आबांचा रोज फोन. "पोरी, छपराला नवे पत्रे घालू का? बेट त्यांचं झालं तर मी काही तिथे राहायचा नाही."

"मला काय विचारता, आबा?"

"मग न्यायाधीशांना विचारू?"

"तिथे फक्त देशांचं ऐकतात."

"आणि तू बापाचंही ऐकत नाहीस!"

फोन ठेवला की मावशी चपला घालायची, काढायची, पुन्हा घालायची.

मी मावशीकडेच राहते आणि माझा कान तिखट. कुणाचाही आवाज हुबेहूब काढते. मी पैज मारली, "तुझा आवाजच निकाल सांगेल. हरले तर महिनाभर भांडी माझ्याकडे."

"मंजूर," मावशी म्हणाली.

एका संध्याकाळी आबा इरेला पेटले. "उद्या सुतार येतोय. हो की नाही, एकदाच बोल!"

मावशीने भिंतीला डोकं टेकलं. मग भाजी काय आणू विचारावं तशा सुरात म्हणाली, "घर तुमचं, आबा. तुम्हीच ठरवा."

तो सूर मी दहादा काढून पाहिला. कुठे कंप नाही, अडखळणं नाही. एवढी निवांत? म्हणजे बेट आपलंच! मी तसं तिला ठणकावून सांगितलं. तिकडे आबांनी पत्रे घातले.

वाचनाच्या दिवशी टीव्हीवर शेवटचं पान आलं. बेट शेजाऱ्यांचं. पाठोपाठ फोन वाजला.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, आबा."

आबा म्हणाले, "सामान बांधायला ये."

मावशी बॅग भरायला गेली. मी बाह्या सरसावल्या आणि मुकाट्याने भांड्यांकडे वळले.