फीची कोरी चाचणी

आता हे चारचौघांत सांगावं का, असा प्रश्न मला अजून पडतो. पण चहा आलाच आहे, तर ऐका. वय चौऱ्याहत्तर, रसायनशास्त्रात पीएच.डी., आणि मला एका परीक्षेची फी भरता आली नाही!

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंदाताईंची प्राची डी.एड. झालेली. शिक्षक पात्रता परीक्षा पास झाल्याशिवाय शाळेत नोकरी नाही. फीचे पैसे तिने शिकवण्या घेऊन साठवलेले. शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. ती चिरनेरहून एसटीने पनवेलला आमच्या घरी आली आणि सायबर कॅफेत जायला निघाली, तर मीच अडवलं. म्हटलं, ते लोक चुका करतात.

आणि मग मलाच धास्ती! माझ्या हातून चुकलं, तर पोरीची संधी गेली ना?

आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना एक खोड असते. खऱ्या नमुन्याआधी कोरी चाचणी घ्यायची. म्हणून आधी माझ्याच नावाने एक अर्ज भरून पाहिला. फोटो लावला पेन्शनसाठी काढलेला. छान जमलं. मग दुसऱ्या खिडकीत प्राचीचा अर्ज. तोही जमला. फीचं बटण दाबलं, ओटीपी घातला, पावती छापली आणि ऐटीत तिच्या हातात दिली.

तिने पावती डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"सर, फोटो तुमचा हाय."

फी भरली गेली होती माझ्याच अर्जाची. घड्याळात साडेचार! भरलेली फी परत मिळणार नाही, हे पावतीवरच ठळक छापलेलं. मी दिसेल ते बटण दाबत सुटलो. बायकोने मला कॉम्प्युटरसमोरून उठवून सोफ्यावर बसवलं. प्राचीने आपल्या मोबाइलवर दहा मिनिटांत सगळं उरकलं. दुसरी फी अर्थात माझ्या कार्डावरून गेली. मी फक्त ओटीपी वाचून दाखवला, तोही बायकोने पडताळून पाहिला.

"पैसे भरलेत ना? आता परीक्षा द्या," हे बायकोचं फर्मान.

दिली! केंद्रावर शिपाई म्हणाला, "आजोबा, पालकांनी गेटबाहेर थांबायचं." हॉलतिकीट दाखवलं, तर बिचाऱ्याने हात धरून बाकापर्यंत पोहोचवलं.

निकाल लागला. प्राची पास. पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला. मग तिने माझा निकाल बघितला आणि पेढा माझ्या हातावर ठेवत हळूच म्हणाली,

"सर, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वेळी तुमचा अभ्यास मी घेते. फी पण मीच भरते. तुमी फक्त अर्जाला हात लावायचा नाय."