नंबरानं आलेली लाईट

रामायणातली लंका कुणी जाळली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आमच्या गल्लीत डीपी जळाली की नाव मात्र लंकाबाईचं. डीपी म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर चढवून बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याखालची फ्यूजांची पेटी. ती उन्हाळ्यात 'फाट्' करते आणि सगळी गल्ली घामाघूम होऊन लंकाबाईच्या पिठाच्या गिरणीकडे बघते.

लंकाबाई मूळची लासलगावकडची. पेठ रोडवर तिच्या नवऱ्यानं हौसेनं गिरणी घातली आणि पंधरवड्यात त्याला पिठाच्या शिंका लागल्या. तो गेला रिक्षा चालवायला, आणि ही पट्टा चढवायला शिकली. तेव्हापासून तिच्या भुवया कायम पांढऱ्या आहेत. आमच्या घरी दळण आणायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नात मी ते कबूल केलं नव्हतं, पण आहे. त्यामुळे मी या बाईला जवळून ओळखतो.

तिच्या गिरणीत एकच कायदा. डबे रांगेत. गव्हावर गहू, बाजरी त्यामागून, हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी. कुणी मोठ्या घरचा डबा हळूच पुढे सरकवला, तर ती काही न बोलता तो उचलून शेवटी नेऊन ठेवते. फारच हुज्जत घातली तर एवढंच म्हणते, "सगळ्यांचं एकदम वतलं तर कुनाचं पीठ कुनी न्यायचं? नंबरानं!" आणि आवाज असा, की गिरणी चालू असताना पलीकडच्या चौकात ऐकू जावा. कान त्याहून तिखट. घरघर चालू असताना रांगेत कुणी नुसतं ओठातल्या ओठात 'बारीक दळत नाही ही' म्हणालं, तरी तिकडून उत्तर येतं, "बारीक हवं तर पावडरीचा डबा आना!"

या वर्षी चैत्रातच ऊन असं तापलं की काही विचारू नका. लाईट जायची, यायची आणि आल्या पावली परत जायची. गिरणीचा गाळा ज्ञानेशच्या मालकीचा. तो स्वतः वरच्या मजल्यावर राहतो. माणूस वाईट नाही, पण उकाड्यानं त्याचं डोकं फिरलं होतं. गिरणीचा आवाज सगळ्यांत मोठा, तेव्हा वीजही तीच खात असणार, असं त्याचं साधं गणित. गल्लीलाही ते पटलं. त्यानं लंकाबाईला सांगून टाकलं, "मावशी, आखाजीपर्यंत गाळा खाली करा." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया.

मला वाटलं, आता ही त्याला सोलून काढणार. पण तिनं पुढचा डबा उचलून ओतला. दुसऱ्या दिवशी माझे गहू ओतताना म्हणाली, "गाळा मिळंल हो दुसरीकडं. ही गल्ली कुठून आनू?" मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी पीठ थोडं जाड आलं, तरी मी घरी ते माझ्या अंगावर घेतलं.

आखाजी तोंडावर आली आणि एके दिवशी लंकाबाईनं भर हंगामात दुपारीच गिरणी बंद केली. पापडांचे उडीद, पुरणपोळ्यांचं दळण, सगळे डबे आत अडकले. किल्ली कमरेला खोचली, रिकामा डबा पालथा घातला आणि दारासमोर त्यावर बसली.

"आता बघू लाईट कोन खातंय ते," म्हणाली.

तिन्हीसांजेला इगतपुरीच्या बाजूनं वारा सुटला आणि लाईट गेली. गल्ली गॅलरीत आली. थोड्या वेळानं फारुख वायरमन मोटारसायकलवर आला. हा येवल्याचा. वडील पैठणी विणतात. यानं धागा सोडला आणि तार धरली. आमच्या भागात लाईट गेली की देवाआधी फारुखचं नाव घेतात, फक्त वेगळ्या सुरात.

"आता काय झालं रे?" लंकाबाईनं विचारलं. "मागल्या बारीला खार चिकटली म्हनला व्हतास."

"हो काकू. त्याच्या आधी कावळ्यानं तारांचे तुकडे आणून घरटं बांधलं होतं. संक्रांतीला ओला मांजा. आज आपल्याकडे काहीच नाही. घाटाकडे झाड पडून एक लाईन गेली. तिचा भार शेजारच्या लाईनवर आला, तिला झेपला नाही, ती पण सुटली. मग तिसरी."

"अरे, म्हंजे आमच्या धंद्यासारखंच की. चौकातली गिरनी बंद पडली की तिथले डबे माझ्याकडं. त्यात माझा पट्टा तुटला की दोघींचे डबे तिसरीकडं. आन् मंग तिचा बी पट्टा जातो."

"एकदम बरोबर. फक्त आमच्या गिरण्या शंभर गावांत आहेत आणि सगळ्या एकाच तारेला बांधल्यात. म्हणून इथली लाईट घालवायला कधीकधी घाटातलं झाड पण पुरतं."

एवढ्यात गल्ली एका सुरात ओरडली, "आलीऽऽ!" पंखे फिरले, टीव्ही बोलले, आणि डीपीत 'फाट्' झालं.

काळोखात सगळ्या माना सवयीनं गिरणीकडे वळल्या. दाराला कुलूप. समोर पालथ्या डब्यावर लंकाबाई. फारुखनं नवीन फ्यूज बांधली. परत "आलीऽऽ!" आणि परत 'फाट्'.

फारुख खांबाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "एक सांगा. लाईट नसताना बटणं कोणाकोणाची चालू आहेत?"

कोपऱ्यावरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून छाया म्हणाली, "चालूच ठेवतो ना आम्ही. नाहीतर लाईट आल्याचं कळणार कसं?"

झालं! घरोघरी तोच प्रकार निघाला. पंखा चालू, कुलर चालू, फ्रिज तर असतोच. ज्ञानेशचा एसी चालू आणि बोअरची मोटर ऑटोवर. आमच्याकडे इस्त्री. मी ते मोठ्यानं सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं.

"कुलर असो, एसी असो, मोटर असो, सुरू होताना प्रत्येकाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज लागते," फारुख म्हणाला. "सगळे एका क्षणाला उठले तर फ्यूज काय करणार? गिरणीचं म्हणाल, तर तिला स्टार्टर आहे. लाईट गेली की तो सुटतो. काकूंनी बटण दाबल्याशिवाय गिरणी हलत नाही."

लंकाबाईनं आता सगळ्यांना सुनवायला हरकत नव्हती. पण ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, घरी माझा बी कुलर चालूच हाय की!" आणि गल्ली त्या काळोखात खो खो हसली.

फारुखनं सगळ्यांना मेन स्विच बंद करायला लावले, परत फ्यूज बांधली आणि एकेकानं चालू करा म्हणाला. लगेच भांडण. आधी कुणी? आमच्याकडे लहान मूल आहे. आमच्याकडे पाहुणे आहेत. घरमालक मी की तुम्ही? शेवटी लंकाबाई डब्यावरून उठली.

"नंबरानं!"

"कोपऱ्यावरची छाया, लाव तुझा मेन! नुसता पंखा आन् बल्ब! टिकली लाईट? आता वत्सलाबाई! अहो, कुलर नाय, कुलरचा नंबर मागून! पुढचं घर!" ती पुकारत होती आणि खिडक्या एकेक करून उजळत होत्या. डबे पुकारते तसंच, त्याच चालीत. वरून ज्ञानेशनं विचारलं, "मावशी, एसी लावू का?" तर खालून उत्तर, "हरभऱ्याची डाळ शेवटी!"

त्याचाही नंबर आला. एसी लागला. फ्यूज टिकली. आता उरली फक्त गिरणी.

लंकाबाई किल्ली हातात धरून उभी राहिली. सगळ्यांचं सगळं चालू होतं. यावर गिरणी लावली आणि फ्यूज उडाली, तर मग कुणी कुणाचं ऐकलं नसतं.

"दाबा काकू," फारुख म्हणाला. "फ्यूज मी बांधलीये."

तिनं कुलूप काढलं, आत गेली. हिरवं बटण दाबल्याचा 'खट्' आवाज आला. गल्लीतले सगळे दिवे एकदम मंदावले. मग दिवे परत उजळले, आणि आतून ती ओळखीची घरघर सुरू झाली. छायानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

ज्ञानेश खाली आला. हातात आईनं दिलेला पुरणपोळ्यांच्या गव्हाचा डबा. दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, गाळा सोडू नका."

"काय? ऐकू येत नाय!"

"गाळा सोडू नका म्हणतो!"

"गिरनी चालू हाय, मोठ्यानं बोला!"

ज्ञानेशनं बेंबीच्या देठापासून हाक दिली, "मावशी, गाळा तुमचाच! कुठं जाऊ नका!" हाक पार चौकात ऐकू गेली. गॅलऱ्यांतून माणसं वाकली.

लंकाबाईनं पदरानं डोळे पुसले. डोळ्यांत पीठ गेलं असं म्हणाली.

"आता आलं ऐकू," ती म्हणाली. "डबा ठेवा. मागं. नंबरानं."