बिनानावाची गोणी

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या रस्त्यावर एखादी वस्तू खरोखर वाया गेलेली दिसली, तर खुशाल समजावं की आमच्या दाजींची मोटारसायकल अजून तिथून गेलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हातांना ते कुणी सांगितलेलं नाही. गाडी चालवताना ते समोर कमी आणि खाली जास्त बघतात. नट दिसला की थांबले, वायरचा तुकडा दिसला की थांबले. एकदा अक्काची दाढ ठणकत होती म्हणून तिला घेऊन इंदापूरला निघाले, तर वाटेत एका बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून दिलेल्या दिसल्या. मळेवाल्याला विचारून त्यांनी सगळ्या गुंडाळल्या आणि ते वेटोळं अक्काच्या गळ्यात अडकवून गाडी माघारी वळवली. अक्का एका हातानं गाल धरून ओरडत होती. दाजी म्हणाले, "दाढ उद्या पण दुखंल गं. नळ्या उद्या हितं राहतील का?"

त्या नळ्यांची त्यांनी खाट विणली. काळीभोर, ताठ, ऐटदार खाट. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही, की ठिबकच्या नळीला वीत-वीत अंतरावर पाणी गळायची भोकं असतात. भाचीला बघायला पाहुणे यायचे होते, त्या दिवशी सकाळी अक्कानं खाट स्वच्छ धुतली. वरून ती सुकली, पण नळ्यांच्या पोटात पाणी तसंच राहिलं. मुलाचे वडील वजनदार गृहस्थ. ते टेकले आणि खाटेनं त्यांना भिजवायला सुरुवात केली. ते बिचारे जागच्या जागी सरकतात, पण कुठंही सरकले तरी खाली भोक आहेच. अक्का पदर तोंडाला लावून आत पळाली. दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "घाबरू नका पावणं. चार लिटरचा ड्रिपर हाय, पण ते तासाला. तुमी तर आत्ताच बसलाय." पाहुणे इतके हसले की सोयरीक तिथंच जमली. अजूनही ते व्याही त्या घरी आले की आधी खाट हातानं चाचपतात आणि मग बसतात.

शिवणयंत्र खरं तर अक्काचं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात दाजींनी त्याला तेल घालायचं म्हणून ते उघडलं, सगळं सुटं करून पेपरवर मांडलं, आणि पुन्हा जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला. तरी यंत्र पहिल्यापेक्षा हलकं चालायला लागलं. "कंपनीनं एक जादा दिला हुता," असं म्हणून त्यांनी तो डबीत ठेवला आणि त्या दिवसापासून यंत्रावर तेच बसायला लागले. माप मात्र फिटरचंच. फिटर लोक इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. दाजी उशीचा अभ्रा असो की पिशवी, सगळं सुतात मोजतात. त्यांनी अक्काला पहिलं पोलकं शिवलं ते लोखंडी टेपनं माप घेऊन. इतकं नेमकं बसलं, की तिला फळीवरचा डबा काढायला हात वर करता येईना. "अवो, श्वास कुठनं घेऊ मी?" अक्का म्हणाली. दाजींनी तिला चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाले, "शाफ्टला जरा खेळ ठेवावा लागतो, तो ठेवायचा राहिला. थांब, दोन सूत सोडतो."

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची त्यांनी चटई विणली आहे. लग्नपत्रिकांवरचे गणपती टाकून द्यायचे नसतात, म्हणून ते कापून त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवले आहेत. आता ते दार गणपतींनी गच्च भरलं आहे, आणि अक्का साखर काढायला गेली तरी आधी हात जोडते. बाकीचा माल पोटमाळ्यावर. खताच्या रिकाम्या गोण्यांमध्ये तो नीट भरून ठेवलेला असतो आणि प्रत्येक गोणीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं. एकीवर 'लागेल', दुसरीवर 'बहुतेक लागेल', तिसरीवर 'कवातरी लागेल'. 'लागणार नाही' असं लिहिलेली गोणी मी त्या घरात पाहिलेली नाही. अक्का म्हणते, "मला पण एक दिवस पाठीवर लिहून वर ठेवतील." त्यावर दाजी म्हणतात, "तुला 'लागेल' मध्येच ठेवीन, भिऊ नगस."

त्यांच्या घरी गेलेला माणूस काहीतरी घेऊन येतो आणि काहीतरी ठेवून येतो. आपल्या हातातल्या वस्तूकडे ते असं बघतात, जसा डॉक्टर रोग्याच्या जिभेकडे बघतो. तुटलेल्या मुठीची छत्री असेल तर माणूस हसत देऊन टाकतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात माझ्या हातात आमच्या आईचं लुगडं होतं.

हिरवं इरकली लुगडं, लाल काठाचं. आई गेल्यावर तिच्या वस्तू वाटल्या गेल्या आणि हे एवढं माझ्याकडं राहिलं. तिचं म्हणून दाखवायला दुसरं काही नाही. दरवर्षी उन्हाळ्यात मी ते वडगावहून अक्काकडं नेते. आम्ही दोघी त्याला ऊन दाखवतो, थोडं रडतो, थोड्या आईच्या नकला करतो आणि घडी घालतो. त्या दिवशी अक्का चहा टाकायला आत गेली आणि दाजी आले. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. "धाकले, काठ सुटलाय बघ. दोन जागी. ठेव हितं, शिवून ठेवतो." मला नको म्हणायचं होतं. सगळं अंग नको म्हणत होतं. पण मला मोठ्या माणसांपुढं नको म्हणता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मी लुगडं त्यांच्या हातात दिलं, चहा प्याले आणि दुपारच्या एस्टीनं परत आले. अक्काला वाटलं, लुगडं माझ्या पिशवीत आहे.

पुढचे आठ दिवस माझ्या कानात ते शिवणयंत्र चालत होतं. भाकरी थापताना मला आईच्या लुगड्याचे अभ्रे दिसायचे. पाणी भरताना पिशव्या दिसायच्या, हिरव्या, लाल बंदाच्या. मी दोनदा फोन केला. एकदा दाजींना ताक मिळतं का ते विचारलं, एकदा गुडघ्याचं विचारलं, आणि ठेवून दिला. तिसऱ्यांदा अक्कानं उचलला. ती खुशीत होती. "बये, आज घर जरा हलकं झालं. निमगावचा डाळिंबवाला आला हुता जुन्या साड्या मागायला." आमच्याकडं डाळिंबाच्या झाडांवर उन्हासाठी जुन्या साड्या पांघरतात. ती पुढं म्हणाली, "एक गोणी देऊन टाकली. दाबून बघितली, कापडच हुतं. आन् तेवढी एकच बिनानावाची हुती. म्हणलं, ह्या माणसानं ज्याच्यावर काय लिहिलं न्हाय, ते नक्कीच नको असंल."

मागं यंत्र चालू होतं, ते थांबल्याचं मला फोनमधूनही ऐकू आलं. मग दाजींचा आवाज आला, "कंची गोणी?" अक्का म्हणाली, "कोपऱ्यातली." नंतर दाजींनी फोन घेतला. "धाकले," ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं ये." एवढंच. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सकाळी ते एस्टी स्टँडवर उभे होते, मागं अक्का. तिघं एका मोटारसायकलवर बसून निमगावच्या वाटेला लागलो. दाजी वाऱ्यातच मोठ्यानं सांगत होते. लुगडं दोन जुन्या साड्यांत गुंडाळून नव्या कोऱ्या गोणीत ठेवलं होतं, डाग लागू नये म्हणून. "ब्रश घेतला हुता हातात. पण आईंच्या लुगड्यावर काय लिहायचं? 'लागेल'? हात उठला न्हाय माझा." मधे बसलेली अक्का म्हणाली, "मग 'आई' लिहायचं! तेवढं येतंय न्हवं?" थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले, ते मला मागून कळलं.

माळावर डाळिंबाची बाग आली आणि मी उतरून बघतच राहिले. ओळीनं झाडं आणि प्रत्येक झाडाच्या अंगावर साडी. निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या, जरीच्या. हळदी-कुंकवाला आख्ख्या तालुक्यातल्या बाया जमाव्यात आणि कुणीच कुणाशी बोलू नये, तसं वाटत होतं. आम्ही तिघं तीन ओळींनी निघालो. अक्काला रडतानाही गप्प राहता येत नाही. पलीकडून तिचा आवाज येत होता. "ही माझी. ही पण माझी. अगं, ही पाटलिणीची!" मग एकदम थांबली. "आन् ही जांभळी? ही तर मी तुला वास्तुशांतीला नेसवली हुती!" मी झाडाआड झाले. ती साडी मी जावेला दिली होती, जावेनं तिच्या बहिणीला, पुढचं मला माहीत नाही.

तेवढ्यात बागवाला आला. दाजींनी विचारलं तसं म्हणाला, "हिरवं लुगडं व्हय तात्या? पार खालच्या अंगाला. काय माल हाय! बाकीच्या साडीत एक झाड बसतं, ह्या एकात दोन बसली." मी पळतच गेले. चाळिशी ओलांडल्यावर पळाले ते तेवढंच. लुगडं दोन झाडांवर मिळून पांघरलं होतं, टोकं सुतळीनं बांधलेली. धूळ होती, पालापाचोळा होता, पण फाटलं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे कापलं नव्हतं. मी काठ हातात घेतला आणि सुटलेली जागा शोधायला लागले. सापडेना. बोटानं चाचपत गेले तेव्हा एका ठिकाणी बारीकशी शिवण लागली, मग दुसरी. डोळ्यांना दिसतच नव्हती. मी तिथंच ढेकळांवर बसले. आठ दिवस छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं.

बागवाला म्हणाला, "न्या की मावशी, आईचं हाय म्हटल्यावर काय. फक्त ह्या दोन झाडांचं बघावं लागंल. ह्या उन्हात फळाला चट्टा पडतोय." दाजींनी शर्ट काढला आणि एका झाडावर चढवला. बाह्या फांद्यांत घालून वरचं बटणसुद्धा लावलं. अक्का म्हणाली, "अवो, लोकं बघतील!" दाजी लांब जाऊन एक डोळा मिटून बघत म्हणाले, "खांद्यात दोन सूत कमी पडतोय." मग अक्कानं उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेली ओढणी सोडली आणि दुसऱ्या झाडावर पसरली, टोकं अगदी घट्ट बांधली. परत येताना दाजी नुसत्या बनियनवर. ते बनियनही त्यांनीच मैद्याच्या पिशवीचं शिवलेलं होतं आणि पाठीवर अजून छापील अक्षरं होती, 'निव्वळ वजन ५० किलो'. अक्कानं ती वाचली आणि रडणं सोडून हसायला लागली. ती हसली की गाडी हलायची, आणि गाडी हलली की पुढून दाजी ओरडायचे, "काय झालं? काय पडलं का रस्त्यात?"

घरी येऊन आम्ही लुगडं धुतलं, सावलीत वाळवलं. घडी घालायला बसलो तर दाजी जवळ आले. त्याच डॉक्टरच्या नजरेनं बघत म्हणाले, "धाकले, एक सांगू का? घडीवर विरत चाललंय. दे, मी ह्याची झकास गोधडी..."

"न्हाय," मी म्हणाले.

इतक्या मोठ्यानं म्हणाले, की अक्का चुलीपासून मान वळवून बघायला लागली. दाजीही बघत राहिले. मग म्हणाले, "मग त्या दिवशी न्हाय का म्हणाली न्हाईस?"

"जमलं न्हाय, दाजी."

"आगं, मी आपला सवयीनं मागितलं. तू लगीच दिलंस, मला वाटलं तुला करूनच पायजे. मग लय भ्यालो. दोन दिवस दुसऱ्या कापडावर शिवण घालून बघितली, तवा कुठं ह्याला हात लावला." ते खाटेवर बसले. "मागतो मी. मागतोच. तुमी न्हाय म्हणत जावा की."

तेव्हापासून लुगड्याला ऊन दाखवायला आम्ही तिघं असतो. दाजी जरा लांब बसतात, हात मांडीखाली घालून. काही मागत नाहीत. यंदा काठ आणखी एका जागी सुटलेला दिसला. त्यांनाही दिसला असावा, कारण ते एकदम आभाळाकडं बघायला लागले. मीच म्हणाले, "दाजी, एवढं शिवून देता का?"

आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. तो मी ओवून दिला. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर असं करत त्यांनी बराच वेळ लावला. शिवण झाली ती वाकडी, एक टाका मोठा, एक लहान, लांबूनही दिसेल अशी. लुगडं माझ्याकडं देताना त्यांनी विचारलं, "जमलंय का?"

मी "व्हय" म्हणाले. आणि घडी घालताना ती बाजू वर येईल अशी घातली.